तो मांडणारा पाद्रीच होता

विश्वाची सुरुवात एका अतिशय दाट, तप्त अवस्थेतून झाली असं सांगणारा महास्फोटाचा (बिग बँग) सिद्धांत म्हणजे देवाधर्मावर घाला, हे एका लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. अहो, तो मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे कॅथलिक पाद्री! पांढरी पट्टी गळ्याशी आणि मागे समीकरणांनी भरलेला फळा, असा त्यांचा फोटो मी वर्गात मुलांना आवर्जून दाखवते. १९२७ साली त्यांनी विश्व प्रसरण पावतंय हे मांडलं, १९३१ मध्ये ‘आद्य अणू’ची, म्हणजे सगळं विश्व एका अणूसारख्या बिंदूतून सुरू झालं ही कल्पना. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना त्यात निर्मात्याची साक्ष दिसली, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. मला त्यांचं हे फार मोठं वाटतं. श्रद्धेला दुर्बिणीचा टेकू कशाला हवा? १९६६ मध्ये आजारपणात, मृत्यूच्या थोडंच आधी, महास्फोटाची खूण असलेल्या, विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी सापडल्याची बातमी त्यांच्या कानावर गेली.