पोटावर पाय कुणाचा? टिपच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार काका,

कमेंटवर तुमचं नाव नाहीये, पण मुलगा तेवीस वर्षांचा आहे असं लिहिलंय म्हणून काका म्हणते, चालेल ना. उत्तराला चार दिवस लागले कारण पहिल्या दोन दिवसांत जे लिहिलं ते सगळं रागात लिहिलेलं होतं, ते खोडून टाकलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की टिप मिळेलच अशी अपेक्षा गिऱ्हाइकाकडून धरू नये, पुरेसा पगार देणं हे मालकाचं काम आहे. त्यावर काकांनी लिहिलंय की हा कंजूसपणाला दिलेला तत्त्वाचा मुलामा आहे, माझा मुलगा डिलिव्हरी करतो, भर पावसात जिने चढून लोकांच्या दारात जातो, तुमच्या तत्त्वाने त्याचं पोट भरत नाही, तुम्ही टिप दिली नाही म्हणून मालकाला काडीचा फरक पडत नाही, मरतो तो पोरगा. आणि शेवटी, ज्यांनी आयुष्यात कधी हातात ट्रे धरला नाही त्यांनी असलं लिहू नये.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते कारण तेच लागलं. मी ट्रे धरलाय काका, दोन वर्षं. कॉलेज संपल्यावर एका हॉटेलात संध्याकाळच्या शिफ्टला होते. पहिल्या दिवशी मॅनेजरने पगाराचा आकडा सांगितला, मी म्हटलं एवढ्यात माझं कसं भागणार, तर तो म्हणाला, "वर टिप असते ना, पगाराएवढी सुटते." तेव्हा मला ते ऐकून बरंच वाटलं. तो काय म्हणाला हे कळायला वर्ष गेलं. अजून एकही गिऱ्हाईक माझ्या टेबलावर येऊन बसलं नव्हतं आणि त्याच्या खिशातली टिप माझ्या पगारातून आधीच वजा झाली होती.

आणि एक रात्र सांगते, मागच्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नव्हती. चार जणांचं टेबल होतं. मी बिलाचं काळं फोल्डर उचलायला गेले तर त्यातल्या एकाने आतली नोट काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोट दाबून धरलं. "तोंड का पाडलंय आज, जरा हसून दाखव की." बाकीचे तिघं बघत होते. मी हसले. मग त्याने बोट उचललं. ती नोट घेऊन मी मागे मोरीपाशी गेले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले, कारण महिन्याचं रूमभाडं द्यायचं होतं आणि असल्या नोटा जमा झाल्याशिवाय ते जमत नव्हतं. पगार पुरेसा असता तर मी ती नोट तिथेच सोडून निघून गेले असते, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातूनच आलंय.

टिप चांगल्या कामाला मिळते असं आपण धरून चालतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन हे गृहस्थ वर्षानुवर्षं टिपवरच अभ्यास करतायत, त्यांना सारखं हेच आढळलंय की सर्व्हिस किती चांगली आणि टिप किती, यांचा एकमेकांशी संबंध फार थोडा आहे. मग टिप कशावर ठरते, तर देणाऱ्याच्या सवयीवर, बिलाच्या आकड्यावर, आणि समोरचा माणूस कोण आहे त्यावर. न्यू हेवन शहरातल्या टॅक्सीवाल्यांच्या टिपा मोजून केलेला एक अभ्यास 2005 मध्ये छापून आला, त्यात काळ्या ड्रायव्हरांना गोऱ्यांपेक्षा सरासरी साधारण एक तृतीयांश टिप कमी मिळत होती. शहर तेच, काम तेच. पगारात कुणी असा भेद केला तर कोर्टात खेचता येतं, टिपमध्ये कुणाला खेचणार, प्रत्येक जण म्हणणार माझी मर्जी.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते, मालकाला काडीचा फरक पडत नाही या. इथे मात्र मला तुमच्याशी भांडायचंय काका, कारण टिपने सगळ्यात जास्त फरक पडतो तो मालकालाच.

तुमच्या मुलाच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. अॅमेझॉनच्या फ्लेक्स नावाच्या डिलिव्हरी सेवेत ड्रायव्हरांना सांगितलं होतं की ताशी 18 ते 25 डॉलर मिळतील आणि टिप 100 टक्के तुमची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे कंपन्यांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, आरोप असा होता की 2016 च्या शेवटापासून कंपनीने गुपचूप आपल्याकडून द्यायची रक्कम कमी केली आणि गिऱ्हाइकांच्या टिपमधून ते भगदाड बुजवलं, म्हणजे ज्या डिलिव्हरीला टिप पडली तिथे कंपनीने स्वतःचे पैसे वाचवले. ड्रायव्हरला दिसायचा तो नुसता एकूण आकडा, त्यात टिप किती आणि कंपनीचे किती हे कळायला मार्गच नाही. अडीचेक वर्षं हे चाललं. शेवटी फेब्रुवारी 2021 मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने 6 कोटी 17 लाख डॉलर परत द्यायचं मान्य केलं. आता ज्यांनी ती टिप दिली त्यांचा विचार करा, पावसात भिजून आलेल्या पोराला बघून कळवळून दिली असेल, आणि ती गेली कुठे?

तिथे निदान लपवाछपवी होती म्हणून पकडलं तरी. अमेरिकेतल्या हॉटेलांत तर हाच प्रकार राजरोस कायद्याने चालतो. केंद्र सरकारचा किमान वेतनाचा दर 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे, पण ज्याला टिप मिळते त्याला मालकाने स्वतःच्या खिशातून फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. मधले 5.12 टिपमधून येतील असं कायद्यानेच धरलंय, आणि आले नाहीत तर तेवढे मालकाने भरून द्यायचे. आता हिशोब करा. एखाद्या वेट्रेसला आठवडाभरात तासाला सरासरी 5.12 टिप पडली तर तिच्या हातात 7.25. एक पैसाही टिप पडली नाही तर मालकाने भर घालायची, तिच्या हातात परत 7.25. दोन्हीकडे तिला तेवढेच! मग गिऱ्हाइकांनी दिलेले ते 5.12 कुणाला मिळाले, मालकालाच ना. त्याच्या वर जे पडतं ते खरं तिचं. आणि ही भर घालायची तो नियम कागदावर, प्रत्यक्षात मागायला जी जाईल तिला पुढच्या आठवड्यात शिफ्टच कमी लावल्या तर ती काय करणार. म्हणून टिप नाही मिळाली की पोरगी मरते हे तुमचं म्हणणं तिथेही खरंच ठरतं, ते मी नाकारत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की तिला तिथे आणून उभं कुणी केलं ते बघा, बिल भरून निघालेल्या माणसाने तर नाही.

काही जणांनी खाली लिहिलंय की ही पद्धत पूर्वापार आहे, चालायचंच. आपोआप नाही आली हो ती. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर 1867 मध्ये पुलमन नावाची रेल्वेच्या स्लीपर डब्यांची कंपनी निघाली, तिने पोर्टर म्हणून, म्हणजे डब्यात प्रवाशांची सेवा करायला, गुलामीतून सुटलेल्या माणसांना घेतलं, पगार नाममात्र आणि बाकी टिपवर भागवा. प्रवासी प्रत्येक पोर्टरला जॉर्ज म्हणून हाक मारायचे, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. या पोर्टरांनी 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या कामगार नेत्याला पुढे करून युनियन बांधली आणि 1937 मध्ये कंपनीशी करार करून दाखवला, पगार वाढला, महिन्याचे जवळपास 400 तास होते ते 240 वर आले. त्यांचं मागणं काय होतं, तर पोट भरेल एवढा पगार द्या, प्रवाशांच्या मेहेरबानीवर आम्हाला ठेवू नका. ज्यांचं पोट टिपवर होतं त्यांचंच हे म्हणणं होतं काका, मी काही नवीन शोधून काढलेलं नाही.

मालकांना परवडणार नाही म्हणाल तर अमेरिकेतच कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिपच्या नावाने पगार कापता येत नाही, आधी पूर्ण किमान वेतन द्यायचं, टिप वेगळी. तिथेही हॉटेलं चालतायतच. फ्रान्समध्ये 1987 पासून मेनूवरच्या किमतीतच सर्व्हिसचे पैसे धरलेले असतात, वर कुणी चिल्लर ठेवली तर ठेवली. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून कायदा आहे की जमलेली सगळी टिप कामगारांनाच द्यायची, मालकाने त्यातून काही कापायचं नाही.

पण एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते ती पण सांगते. न्यूयॉर्कचे डॅनी मायर हे मोठे हॉटेलवाले, त्यांनी 2015 मध्ये आपल्या हॉटेलांत टिप बंद करायला सुरुवात केली, दर वाढवले, पगार वाढवले, आणि 2020 मध्ये टिप परत सुरू करावी लागली. शेजारचा टिपवर चालवतो त्याचा मेनू स्वस्त दिसतो, आणि जास्त टिप कमावणारे वेटर तिकडे निघून जातात. म्हणजे एकट्या चांगल्या मालकाच्या जिवावर हे होत नाही, आणि एकट्या गिऱ्हाइकाने टिप न देऊन तर मुळीच होत नाही, नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तरच.

आणि इथेच तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. मागची पोस्ट वाचून कुणाला असं वाटू शकतं की टिप न देणं हा निषेध आहे. मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, दारात उभ्या पोराला मात्र रिकामा हात दिसतो. मी स्वतः टिप देते, आजही, रोख आणि हातात, आणि देताना विचारते की ही तुम्हालाच राहते ना. हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, आता वर घातलंय. फक्त मी नाही दिली तर तो चिडेल किंवा त्याचा महिना बसणार नाही अशी वेळ त्याच्यावर आणि माझ्यावर कुणी आणू नये असं मला मनापासून वाटतं. ते कार्ड मशीन आपल्याकडे फिरवतात, टिपचे तीन आकडे समोर, आणि तो बिचारा भिंतीकडे बघत उभा राहतो, मला त्याच्यासाठी फार लाज वाटते हो.

आता तुमच्या मुलासाठी. त्याला म्हणावं ऑर्डरमागे कंपनी किती देते आणि टिप किती, हे अॅपमध्ये वेगवेगळं दिसतं का ते बघ. दिसत असेल तर महिनाभर वहीत लिहून ठेव, अंतर साधारण सारखंच असेल तर टिप पडलेल्या ऑर्डरला कंपनीचा आकडा कमी होतो का. होत नसेल तर बरंच आहे, मला खोटं ठरवलंत तरी चालेल. होत असेल किंवा वेगळं दिसतच नसेल तर मला इथेच कळवा, त्याचं नाव कुठेही न घालता मी पुढची पोस्ट त्या वहीवर लिहीन.