'ऑनेस्ट' झाडं आणि निम्मा डेटा: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमधल्या सुसान एथी आणि स्टीफन वेगर यांच्या कॉजल फॉरेस्टमध्ये (सवलत किंवा कूपनचा परिणाम कोणत्या ग्राहकावर किती होतो, हे अनेक निर्णय-झाडांच्या मदतीने मोजणाऱ्या पद्धतीत) निम्मा डेटा वाया जातो, हा पहिला. आणि कोणता ग्राहक सोडून जाणार हे एक्सजीबूस्ट हे भाकीत करणारं मॉडेल नेमकं सांगत असेल, तर हा खटाटोप कशाला, हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जाण्याचा धोका सर्वांत जास्त कोणाला आणि सवलत दिल्यावर थांबेल कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मार्केटिंगच्या संशोधक एव्हा अस्कार्झा यांनी २०१८ साली प्रत्यक्ष प्रयोगांतून हेच दाखवलं.

पहिल्याकडे नीट बघू. झाड ग्राहकांना त्यांच्या गुणांनुसार लहान लहान गटांत विभागत जातं; शेवटचा गट म्हणजे पान. फांदी फोडताना ते परिणामातला फरक जास्तीत जास्त कुठे दिसतो ते शोधतं. समजा एका पानात कूपन मिळालेले पाच आणि न मिळालेले पाच ग्राहक आहेत. नऊ जणांची खरेदी प्रत्येकी ५०० रुपयांची, पण कूपनवाल्यांपैकी एकाच्या घरी लग्न, म्हणून त्याची २०,००० ची. कूपनवाल्यांची सरासरी ४,४०० होते, म्हणजे 'परिणाम' ३,९००! त्या एका बिलामुळेच फांदी तिथे फुटली, आणि डेटाच्या त्याच ओळींवरून (एक ओळ म्हणजे एक ग्राहक) परिणाम मोजला तर योगायोग दोनदा पदरात पडतो. म्हणून डेटाचे दोन भाग करून फांद्या ठरवायच्या एका भागावरून आणि परिणाम मोजायचा दुसऱ्यावरून. यालाच 'ऑनेस्टी' म्हणतात. विश्वास-अंतराची (उत्तर किती मागेपुढे असू शकतं ते दाखवणाऱ्या पट्ट्याची) सिद्धताही यावरच उभी आहे.

वाया मात्र काही जात नाही. कॉजल फॉरेस्ट चालवणाऱ्या जीआरएफ या सॉफ्टवेअर पॅकेजच्या मूळ सेटिंगमध्ये १०,००० ओळींतून प्रत्येक झाडाला ५,००० मिळतात. २,५०० फांद्यांसाठी, २,५०० मोजणीसाठी. झाडं २,०००, आणि दरवेळी वाटणी नव्याने. त्यामुळे प्रत्येक ओळ कुठे ना कुठे दोन्ही कामांना येते.

डेटा लहान असेल तर तुमचा मुद्दा रास्त आहे. फांद्यांना पुरेशा ओळी उरत नाहीत आणि खरा फरकही सपाट होतो. अशा वेळी ऑनेस्टी फ्रॅक्शन (फांद्यांसाठी वापरायचा वाटा) ०.७ किंवा ०.८ करून पाहा आणि पानांची छाटणी (मोजणीसाठी कोणीच न उरलेली पानं काढून टाकणं) बंद ठेवा.

खरा घात दुसरीकडेच होतो. कूपन दिल्यानंतरच्या ॲप-भेटी लोक बिनदिक्कत व्हेरिएबल म्हणून घालतात. कूपनचा परिणाम त्या भेटींतूनच होत असेल, तर तेवढा भाग उत्तरातून नाहीसा होतो. शिवाय कूपन यादृच्छिक वाटलेलं नसेल, तर आधी प्रोपेन्सिटीचा, म्हणजे प्रत्येक ग्राहकाला कूपन मिळण्याच्या शक्यतेचा, हिस्टोग्राम काढा. ०.१ च्या खाली आणि ०.९ च्या वर गर्दी दिसली, तर त्या ग्राहकांची तुलना करायला समोर जवळपास कोणीच नाही. त्यांना वगळा आणि उत्तर उरलेल्यांपुरतंच आहे हे अहवालात स्पष्ट लिहा.