बायपासनंतरचा ऑक्सिजन : त्या मेसेजला उत्तर

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय : हृदयाची बायपास झालेल्या माणसाचा ऑक्सिजन ९५ च्या खाली आला, तर घरीच पाच लिटरवर ऑक्सिजन लावा, पालथे झोपवा, कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगवा आणि दुखण्याच्या गोळ्या थांबवा. कृपा करून यातले काहीही करू नका.

‘घरीच ऑक्सिजन लावा.’ मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) ऑक्सिजनसाठी झालेली तगमग गोवा विसरलेला नाही. म्हणून घरात कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) ठेवणाऱ्यांची भीती मला कळते. पण ऑपरेशनच्या वेळी मिटलेले फुप्फुसांचे खालचे भाग नंतर लगेच पुरते उघडत नाहीत, कधी डाव्या बाजूला पाणी होते. नळीने आकडा वर जातो, मूळ कारण तसेच राहते आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला तर जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. अशांना बहुधा ८८ ते ९२ एवढेच पुरेसे धरतात.

‘गोळ्या थांबवा.’ हा सगळ्यांत घातक सल्ला. छाती दुखते म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, मग कफ साचतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या. ब्रुफेनसारखी मात्र मनाने नको. गोळीचा असर झाला की ताठ बसा आणि तीन छोट्या चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचे साधन) हातात घ्या. अनेक जण त्यात फुंकतात. फुंकायचे नाही, तोंडाने हवा सावकाश आत ओढायची आणि श्वास दोन-तीन सेकंद धरायचा. मग उशी छातीशी घट्ट आवळून खोकायचे. रोज थोडे चालणेही तितकेच गरजेचे.

पालथे झोपवणे कोविडमधून उचलले आहे. इथे छातीचे हाड कापून तारांनी बांधलेले असते, ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. कापराने नाकाला गार वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

आकडा कमी दिसला तर आधी नेलपॉलिश पुसा, गार बोटे चोळून गरम करा, मिनिटभर थांबून पुन्हा मोजा. तरीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली असेल तर त्यांना लगेच कळवा. बायपाससाठी ज्या पायाची शीर काढली तिथे थोडी सूज येतेच. पण एकाएकी धाप लागली, आडवे होताच जीव घुसमटला किंवा ओठ निळे पडले, तर ऑक्सिमीटर ९६ दाखवत असला तरी १०८ ला फोन करा.