‘बग टाक’ म्हणणाऱ्यांनो, आधी माझा काना परत द्या

काल रात्री साडेअकराला ईमेल आला. विषयात माझ्या बगचा, म्हणजे लिनक्समधल्या एका बिघाडाच्या तक्रारीचा, नंबर. सात महिन्यांत त्या बगकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं, त्यामुळे घाईघाईने उघडला. पाठवणारा माणूस नव्हता, बॉट होता, आपोआप उत्तरं धाडणारा प्रोग्रॅम. त्याचं म्हणणं असं की या तक्रारीवर बराच काळ काही हालचाल नाही, सबब ती शिळी समजण्यात येत आहे. १४ दिवसांत कुणी काही बोललं नाही तर बंद करू. खाली, तुमच्या योगदानाबद्दल आभार.

हालचाल नाही म्हणे! अरे, हालचाल करायची कुणी? मी माझ्या बाजूने नाचायचं तेवढं नाचून झालंय. पायऱ्या लिहिल्या, लॉग (संगणक स्वतःच ठेवतो त्या नोंदी) जोडले, व्हिडिओ काढला, व्हिडिओ फार मोठा झाला म्हणून कापून परत चढवला. तुम्ही बघितलं नाहीत म्हणून तक्रार शिळी झाली. वाढप्याने ताट घ्यायचंच नाही आणि वर म्हणायचं, भात गार झालाय, टाकून देतो.

तर बग काय आहे ते सांगतो. मी दिवसभर मराठी टाईप करतो. मुद्रितं तपासायची, अनुवाद करायचे, हेच पोटापाण्याचं काम. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, बोटांना पाठ. ‘दऱ्या’ लिहायचं तर ओ, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. पाच ठोके. गेल्या वर्षी माझ्या डिस्ट्रोची, म्हणजे सगळं एकत्र बांधून मिळणाऱ्या लिनक्सची, नवी आवृत्ती टाकली, पडद्यावर खिडक्या दाखवायची वेलँड नावाची नवी व्यवस्था, वेलँड सेशन, आलं, आणि तेव्हापासून जरा वेगाने टाईप केलं की शेवटचा काना स्पेस ओलांडून पलीकडे जातो. म्हणजे ‘दऱ्य’ इथेच राहतं आणि काना पुढच्या शब्दाच्या दारात एकटा उभा, ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला. हळू टाईप केलं तर होत नाही. पहिल्या पाच मिनिटांत होत नाही. एका ॲपमध्ये होतं, दुसऱ्यात होत नाही. आणि कुणाला दाखवायला बोलावलं की हमखास होत नाही. चाळीस पानांचं प्रकरण टाईप करा आणि मग असे पळालेले काने वेचत बसा, म्हणजे कळेल.

लिनक्सवाल्या मित्राला सांगितलं. तो काय म्हणाला? ‘बग टाकलास का?’

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सरकारी कचेरीत ‘अर्ज करा’ म्हणतात ना, तोच सूर. मदत करायची नाहीये, पण नाही असंही म्हणायचं नाहीये.

टाकला बग. म्हणजे टाकायला गेलो. आधी प्रश्न, टाकायचा कुठे? ॲपवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, आमच्यापर्यंत अक्षरं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने आम्ही दाखवतो, इनपुट मेथडवाल्यांना (म्हणजे ठोक्यांची अक्षरं करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना) विचारा. त्यांचा वेगळा ट्रॅकर (तक्रारवही), वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. ते म्हणाले, आम्ही क्रमाने पाठवतो, मधे टूलकिट (ॲपच्या खिडक्या-बटणांचा सांगाडा) काय करतं ते आम्हाला माहीत नाही. टूलकिटवाले म्हणाले, हे कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या खिडक्या जोडून पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम. कंपोझिटरवाल्यांनी विचारलं, तुम्ही डिस्ट्रोचं पॅकेज वापरता का? मग आधी डिस्ट्रोकडे जा. आणि डिस्ट्रोवाल्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: हा अपस्ट्रीमचा प्रश्न आहे.

अपस्ट्रीम! म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, प्रोग्रॅम मुळात जे लिहितात त्यांच्याकडे. मी वरच्या अंगाला जाऊन आलो की हो, तिथे मला खाली पाठवलंय! सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तलाठ्याकडे जावं, त्याने मंडल अधिकाऱ्याकडे पाठवावं, तिथून तहसील, आणि तहसिलातल्या क्लार्कने चष्म्यावरून बघत म्हणावं, ‘हे तलाठ्याचं काम आहे.’ निदान तिथे चहाची टपरी तरी असते.

आणि तो फॉर्म. आवृत्ती लिहा, कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणता ते लिहा, ग्राफिक्स कार्ड लिहा, सेशन कोणतं ते लिहा. बग दर वेळी कसा घडवून आणता येईल ते पायरी-पायरीने लिहा. काय व्हायला हवं होतं? काय झालं? आता दर वेळी घडला असता तर मी एव्हाना कामधंदा सोडून दिला असता, पण ‘कधी-कधी होतं’ असं लिहिलं की पुढचा माणूस वाचायचंच थांबवतो, हे अनुभवाने कळलंय. मग जर्नलचा, म्हणजे अख्ख्या सिस्टीमचा, लॉग जोडा. जोडायला घेतला आणि सहज वाचला, तर त्यात माझ्या वायफायचं नाव, लॉगिनचं नाव, घरातल्या प्रिंटरचं नाव, सगळी वंशावळ. ते सगळं एकेक ओळ बघून पुसत बसलो. रात्रीचा एक वाजला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, लॉगमध्ये फेरफार केलेला दिसतो, कृपया पूर्ण लॉग द्यावा.

यातलं सगळ्यात भारी प्रकरण आचाऱ्याचं.

बगमध्ये उदाहरण द्यावं लागतं म्हणून मी मराठीतलं नेहमीचंच दिलं, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’. आपल्याला शाळेपासून माहीत आहे की पहिल्याला स्वयंपाकाचे पैसे द्यायचे आणि दुसऱ्याला नमस्कार करायचा. कापायच्या आधीच्या लांबलचक व्हिडिओत एकदा असंही झालं होतं की काना तर पळालाच, वर त्या गडबडीत ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’ आला. म्हटलं, हेही सांगून टाकू. दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली, लाल गोल काढले, बाण काढले. खाली लिहिलं की युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे, ०९३१, आणि साधा ‘र’ ०९३०, ही दोन वेगळी अक्षरं आहेत. उत्तर काय यावं? मला दोन्ही चित्रांत काही फरक दिसत नाही. हाच प्रकार इंग्रजी मजकुरात करून दाखवता येईल का?

इंग्रजी मजकुरात! अहो, इंग्रजीत काना असता तर हा बग दुरुस्त होऊन वर्ष झालं असतं. जे प्रोग्रॅम लिहिणारे देवनागरी वाचत नाहीत त्यांना दिसणार नाही हे मला मान्य आहे, मलाही थाई वाचता येत नाही. पण मला थाईतला बग कुणी सांगितला तर ‘मला फरक दिसत नाही’ हे उत्तर म्हणून पाठवायची मला लाज वाटेल. जो वाचतो त्याला विचारीन.

ते असो. पुढे काय झालं ऐका. माझा बग ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद झाला. मी खूश! म्हणजे आणखी कुणाला तरी होतंय, मी वेडा नाही. दुवा उघडला. जुनी तक्रार, कुणीतरी बंगालीत टाईप करणारा, शब्दन् शब्द माझीच कहाणी. त्याचं ‘आकार’ चिन्ह, म्हणजे आपला कानाच, पळत होतं. ती तक्रारही बंद. कारण? पुरेशी माहिती मिळाली नाही. म्हणजे माझा बग बंद, कारण तो बंद बगसारखा आहे, आणि तो बंद, कारण त्या बिचाऱ्याने कंटाळून उत्तर द्यायचं सोडलं. मग मी पुन्हा नवा टाकला, आणि कालचा ईमेल आला तो याच नव्यावर.

हा सगळा छळ एकट्या माझ्याच नशिबी आलाय असंही नाही, ही पद्धतच आहे. उबंटू या डिस्ट्रोचे बग जिथे नोंदवतात त्या लाँचपॅडवर बगला ‘अपूर्ण’ असा शिक्का मारला आणि ६० दिवस कुणी काही बोललं नाही, की तो आपोआप मुदतबाह्य होऊ शकतो. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने जगते. तिचं आयुष्य संपलं की तिच्यावर उघडे राहिलेले बग घाऊक बंद होतात, तुम्ही नव्या आवृत्तीवर तपासून सांगा. बग मेला नाही, आवृत्ती मेली, पण तेरावं दोघांचंही एकदमच. नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवाल्यांच्या फाईल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत ही साधी मागणी २००४ सालची, ती पुरी झाली २०२३ मध्ये. २००४ साली जन्मलेलं पोर तोवर कॉलेजात गेलं. आणि उबंटूचा पहिल्या नंबरचा बग माहितीये? उबंटूचा संस्थापक मार्क शटलवर्थने २००४ मध्ये स्वतः नोंदवलेला: बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे. २०१३ मध्ये त्यानेच तो बंद केला. मालक असला की बगसुद्धा मनासारखे बंद होतात.

मग कुणीतरी हमखास एक्सझेडची, म्हणजे फायली दाबून लहान करणाऱ्या एका प्रोग्रॅमची, गोष्ट काढतं. मार्च २०२४, आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून त्याने माग काढला आणि एक्सझेडमध्ये घुसवलेलं चोरदार सापडलं. जगावरचं केवढं संकट टळलं. खरंच टळलं, त्या माणसाच्या पाया पडावं. पण मला ती गोष्ट ‘बघ, बारीकसारीक तक्रारीलाही किती किंमत असते’ म्हणून सांगू नका. तो स्वतः खोदत गेला, त्याला खोदता येत होतं. तीच तक्रार मी केली असती तर? ‘लॉगिनला अर्धा सेकंद उशीर होतो.’ पहिलं उत्तर: माझ्याकडे नीट चालतंय. दुसरं: तुमचं नेटवर्क तपासा. तिसरा तो बॉट.

आता तुम्ही म्हणणार, अहो, ही माणसं फुकट काम करतात. माहीत आहे मला. सगळी नाही, बऱ्याच जणांना कंपन्यांचा पगार असतो, पण इनपुट मेथडसारख्या कोपऱ्यात एखादाच माणूस नोकरी सांभाळून रात्री बसतो आणि त्याच्यावर शेकडो बग साचलेले असतात. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने लिहावं, ‘बाबा रे, मला वेळ नाही, दोन वर्षं लागतील किंवा होणारच नाही.’ मी गप्प बसेन. आईशप्पथ गप्प बसेन. माझा राग आहे तो बग बंद करून यादी स्वच्छ दिसावी म्हणून बॉट बसवणाऱ्यांवर. पत्र्याच्या पेटीत तक्रारी टाकायला लावायच्या आणि पेटीला खालून भोक.

आणि फुकट म्हणाल तर मीही फुकटच करतोय की! या एका कान्यापायी माझे चार रविवार गेले. एका रविवारी ‘ताज्या डेव्हलपमेंट आवृत्तीवर होतं का ते बघा’ म्हणाले म्हणून पेन ड्राइव्हवर लाइव्ह सिस्टीम (तिथूनच चालणारी, संगणकात न टाकता) केली. पेन ड्राइव्हवर भाचीच्या बारशाचे फोटो होते, ते आधी उतरवले, नशीब आठवलं. लाइव्ह सिस्टीम सुरू झाली तर तिच्यात मराठी इनस्क्रिप्टच नाही. ते टाकायला नेट लागतं, आणि त्या ताज्या आवृत्तीत माझं वायफाय चालेना. म्हणजे आता त्याचा वेगळा बग टाका. नाही टाकला. तेवढी अक्कल आली आहे.

बायकोने परवा विचारलं, ‘अरे, तुझ्या त्या विंडोजवर होत होतं का असं?’ नव्हतं होत. पण ते मी तिला सांगितलं नाही, सांगितलं की तिकडे वेगळे प्रॉब्लेम होते. तिने ‘हं’ केलं. त्या ‘हं’चाही बग कुठे टाकता येत असेल तर सांगा.

सध्या जुगाड असा की ज्या ॲपमध्ये काना पळत नाही त्यात टाईप करायचं आणि मग हव्या त्या ठिकाणी चिकटवायचं. वेलँडच्या आधीच्या जुन्या एक्स११ सेशनमध्येही प्रॉब्लेम येत नाही, पण ते सेशन आता एकेका डिस्ट्रोतून काढून टाकतायत. काढायच्या आधी इनपुट मेथडचे बग बघितले का, असं विचारणार होतो, पण ते विचारायला कुठला ट्रॅकर हे कोण सांगणार?

तर १४ दिवसांपैकी एक गेला. आज सकाळी म्हटलं, निदान ‘अजून होतंय’ एवढे दोन शब्द टाकून त्या बॉटचं तोंड बंद करावं. लॉगिन करायला गेलो. सुरक्षा धोरण बदललंय, नव्या नियमानुसार खातं पुन्हा पडताळायचं आहे. पडताळणीचा ईमेल पाठवलाय म्हणतात. दोन तास झाले, आलेला नाही. स्पॅमही बघितलं. काही अडचण असल्यास, खाली लिहिलंय, कृपया बग नोंदवा.