केक राहू द्या, क्लासची फी भरा

मागच्या रविवारी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतल्या एका काकांनी पंचाहत्तरी बालगृहात साजरी केली. केक, समोसे, वह्यांचे गठ्ठे. ते घरी पोचायच्या आत ग्रुपवर फोटो, पोरांचे चेहरे लख्ख. मी खाली एवढंच लिहिलं, 'काका, या मुलांचे फोटो असे टाकायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मनाई आहे.' तेव्हापासून लिफ्टमध्ये मी दिसले की काकांना मोबाइलमध्ये काम निघतं.

असो. मला बोलायचंय व्हिक्टोरिया रोवेलबद्दल. अमेरिकन टीव्हीवरची नटी. 'डायग्नोसिस मर्डर'मधली डॉक्टर अमांडा बेंटली तीच, पण तिथे घराघरांत पोचली ती 'द यंग अँड द रेस्टलेस'मधली ड्रुसिला म्हणून. घरातून पळालेली, लिहिता-वाचता न येणारी आणि पुढे बॅले नाचणारी मुलगी. या भूमिकेत बाईंना अभिनय फारसा करावा लागला नसेल, असं मला उगाच वाटतं. कारण १९५९ साली मेन राज्यात जन्मल्यापासून १८ वर्षं त्या स्वतः सरकारी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने सांभाळायला दिलेल्या परक्या घरांत वाढल्या.

त्यांना सांभाळलं अ‍ॅगाथा आर्मस्टेड या बाईंनी. शेतावरचं घर, क्लासला पैसे नाहीत. तर अ‍ॅगाथाबाईंनी पुस्तकात बघून पोरीला घरातच बॅले शिकवायला सुरुवात केली! स्वतःला येत नसताना. आठव्या वर्षी केंब्रिजच्या (इंग्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतलं) बॅले शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे थेट अमेरिकन बॅले थिएटर ही नामांकित नृत्यसंस्था. १९९० मध्ये ड्रुसिलाची भूमिका मिळाली, त्याच वर्षी रोवेलबाईंनी फॉस्टर मुलांसाठी संस्था काढली. भर कशावर? तर नाच, संगीत, खेळ यांच्या शिक्षणावर. पोट भरायची सोय सरकार कशीबशी करतं, पण पोरीच्या पायात नाच आहे हे सरकारला कुठून कळणार?

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. आपल्याकडच्या कागदांवर त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. मूल तुमच्या घरी वाढतं, नाव-गोत्र बदलत नाही. २०२४ च्या केंद्राच्या नियमांनुसार एकट्या बाईला किंवा पुरुषालाही असं मूल सांभाळता येतं, आणि दोन वर्षांनी दत्तकाची वाट खुली होते. मैत्रिणींना सांगितलं तर पहिला प्रश्न, 'जीव लावायचा आणि परत द्यायचं?' अगं, माझे वडील सटाण्याहून नाशिकला आत्याकडे शिकायला आले आणि दहा वर्षं राहिले. आत्याने हा हिशेब केला नव्हता. अर्थात ते रक्ताचं होतं. परक्याच्या लेकरापाशी आपली गाडी अडते, माझीसुद्धा. मी अजून अर्ज केलेला नाही, खोटं कशाला बोलू?

म्हणून सध्या जमेल तेवढं. आमच्या भागातल्या कथकच्या ताईंना विचारलं, बालगृहातली एखादी मुलगी घ्याल का? त्या म्हणाल्या, 'घेते की. फीसुद्धा नको. पण तिला आणणार-नेणार कोण? आणि दोन महिन्यांनी बंद नाही ना करणार?' संस्थेची आणि बालकल्याण समितीची परवानगी लागेल, त्यासाठी मी खेटे घालतेय. क्लास मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला. मंगळवारी मी आहे. शुक्रवारी कोणाला जमेल?