समाचाराला जाताना

कुणी आजारी पडलं, कुणाचं माणूस गेलं, कुणाची नोकरी सुटली की धीर द्यायला जावं लागतं. हे काम कुणालाही जमतं असा आपल्याकडे सर्रास गैरसमज आहे. दुःख समोरच्याचं, पण हलकं आपल्याला वाटलं पाहिजे, अशा बेताने धीर द्यायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. आपल्या काका-मामांच्या पिढीने ही विद्या फार वर नेऊन ठेवली होती. हल्लीची पोरं मात्र ‘आपण काय बोलणार’ म्हणून गप्प बसतात, नुसती हात धरून बसतात. असं चाललं तर विद्या बुडेल, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात हॉस्पिटलपासून करावी, कारण तिथला श्रोता उठून जाऊ शकत नाही.

भेटायची वेळ चार ते सहा असेल तर साडेतीनलाच गेटवर उभे राहा. पास एक आणि माणसं पाच, यावर वॉचमनशी हुज्जत घालताना आवाज वॉर्डापर्यंत पोचला पाहिजे. पेशंटला कळतं, आपली माणसं आली. वर गेलात की कोपऱ्यातल्या स्टुलावर रात्रभर जागलेला मुलगा बसलेला दिसेल. तो उठून तुम्हाला स्टूल देईल. ते बायकोला द्या आणि तुम्ही कॉटच्या कडेवर बसा, सलाइन ज्या हाताला लावलंय त्या बाजूला. नळी थोडी ओढली गेली आणि पेशंट ‘स्स’ म्हणाला, तर त्याला म्हणा, ‘खूप दुखतंय का हो?’ चौकशी झाली. सोबत शहाळं न्यायला विसरू नका. किडनीच्या पेशंटला शहाळ्यातलं पोटॅशियम चालत नाही, असं सिस्टर मध्येच येऊन सांगेल. तिला सांगा, आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत रोज एक शहाळं प्यायलं. आजोबांची किडनी ठणठणीत होती हा तपशील इथे गरजेचा नाही.

मग पायाशी अडकवलेली फाइल उघडायची. त्यातलं काही कळत नसलं तर उत्तम. एका पानावर थबका, भुवया वर न्या, बायकोकडे एक नजर टाका आणि फाइल अलगद जागेवर ठेवा. ‘काय झालं?’ असं पेशंट विचारेलच. ‘काही नाही हो, काही नाही. तुम्ही आराम करा.’

यानंतर हकीकत. ती पेशंटच्या बायकोच्या तोंडून ऐकायची असते. सकाळपासून येईल त्याला तिने ती सांगितलेली असते, त्यामुळे तिला पाठ झालेली असते. पहाटे साडेपाचला घाम फुटला, छातीत कळ आली, रिक्षा मिळेना, शेजारच्यांनी गाडी काढली. बाई रिक्षापर्यंत आली की तिला तोडायचं. ‘पहिल्यांदा गॅसेसच वाटले असतील! आमच्या मेव्हण्याचं अगदी अस्संच.’ इथून पुढे मेव्हणा. हा मेव्हणा निवडताना एकच पथ्य पाळा. तो शेवटी गेलेला असावा. वाचलेल्या मेव्हण्याच्या गोष्टीत काही दम नसतो, ती मध्येच कुठेतरी डिस्चार्जच्या बिलापाशी संपते. गेलेला मेव्हणा असला की चारही कॉटवरची माणसं कान टवकारतात.

या कलेची चिरफाड एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने करून ठेवली आहे. चार्ल्स डर्बर त्याचं नाव, साल 1979. लोकांच्या गप्पा ऐकून त्याने सांगितलं की बोलणाऱ्याला दोन तऱ्हांनी उत्तर देता येतं. एका उत्तराने त्याचंच बोलणं पुढे सरकतं, दुसऱ्याने आपलं सुरू होतं. ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ असं कुणी म्हणालं की ‘का, दुखत होतं की काळजीने?’ हे पहिलं. ‘झोपेचं नावच काढू नका, मला तर मुंबईची बदली झाल्यापासून झोप नाही’ हे दुसरं. गंमत अशी की दुसऱ्या तऱ्हेचं उत्तर देणाऱ्याला आपण मध्ये शिरलो असं वाटत नाही, आपण दुःखात सहभागी झालो असं मनापासून वाटतं. डर्बरसाहेबांना हे खटकलं. आपल्याकडे याला गप्पा म्हणतात.

निघण्यापूर्वी डॉक्टरचा विषय काढा. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेला असणं इथे आवश्यक आहे, तोवर थांबा. मग विचारा, ‘इथे कशाला आणलंत? आधी आम्हाला फोन करायचा ना, अमक्या डॉक्टरांनी नुसत्या गोळ्यांवर बरे केले असते.’ आता यावर त्या घरातलं कुणी काहीही करू शकत नाही. म्हणूनच ही सूचना मोलाची.

पेशंटच्या बायकोला बाहेर पॅसेजमध्ये गाठलंत तर तिला सांगा, बातमी ऐकल्यापासून तुम्हाला घास गेलेला नाही, बीपी वाढलंय, रात्री तर नुसते हातपाय गार पडले. ती तुम्हाला खुर्ची देईल, मुलाला चहा आणायला पिटाळेल आणि ‘काळजी करू नका, डॉक्टर म्हणतात धोका टळलाय’ असा धीर देईल. सुसान सिल्क या मानसशास्त्रज्ञ बाई आणि बॅरी गोल्डमन या दोघांनी 2013 साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये याच्या नेमकं उलट लिहिलं. त्यांनी वर्तुळं काढायला सांगितली. मधोमध आजारी माणूस, त्याच्या भोवती नवरा-बायको, मग मुलं, भावंडं, मित्र आणि अगदी बाहेर तुमच्या-आमच्यासारखे. आत फक्त आधार जाऊ द्यायचा आणि आपलं रडगाणं असेल ते आपल्यापेक्षा बाहेरच्या वर्तुळात नेऊन गायचं. कागदावर ठीक आहे. पण आपल्या बाहेरच्या वर्तुळात असतो रिक्षावाला, आणि तो चहा पाजत नाही.

मयताच्या घरची गोष्ट मी थोडक्यात उरकतो, कारण तिथली वाक्यं तुमची पाठ असणार. सुटले बिचारे. वय झालंच होतं. देवालासुद्धा चांगलीच माणसं लागतात. गर्भ राहून पडला असेल तर ‘अजून वय आहे तुमचं, होईल दुसरं.’ दहावीतला मुलगा भिंतीला टेकून बसला असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता, तू रडून कसं चालेल?’ एवढ्या एका वाक्यात त्याचं रडणं आणि बालपण दोन्ही आटोपतं. व्हॉट्सॲपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकताना मात्र खालचा मेसेज वाढदिवसाचा आहे का ते बघून घ्या.

या घरात एका बाईपासून सावध राहा. प्रत्येक आळीत आणि सोसायटीत ती एक असते. घरात चूल पेटलेली नसते, म्हणून ती पिठलं-भाताचं पातेलं फडक्यात बांधून आणते. आल्यावर ती गेलेल्याविषयी चकार शब्द काढत नाही. मोरीत पडलेल्या चहाच्या कपबश्या विसळते. कुणाच्या लक्षात नसलेली धाकटी मुलगी आतल्या खोलीत बसलेली असते, तिला ‘चल गं, आमच्या मनीला पिल्लं झालीत’ म्हणत घरी घेऊन जाते. परत येते ते मुलीच्या शाळेच्या बाईंना कळवूनच. विधवा झालेली बाई तासाभराने पहिल्यांदा बोलते ती हिच्याशी, आणि तेही काय, तर ‘सकाळी त्यांनी चहा अर्धाच प्यायला हो.’ यावर ही ‘अर्धाच?’ एवढंच म्हणते आणि थांबते. मग पुढचा पाऊण तास ती बाई बोलत राहते. तुम्ही दोन तास बसून जन्म-मरणाच्या फेऱ्यावर जे सांगितलं, त्यावर एका शब्दाने बोळा फिरला. या बाईला कुणी विचारलं तर म्हणते, ‘मला बाई अशा वेळी बोलायला सुचत नाही.’ बाहेरगावची माणसं तिला कामवाली समजून पाणी मागतात. समजू द्या.

ज्यांना ही परंपरा जुनाट वाटते त्यांच्यासाठी नवी सोय झाली आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेवर, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागण्याच्या कसबावर, शोधनिबंध लिहिला. 1995 मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे ती एचआरवाल्यांच्या हाती लागली आणि आता शनिवार-रविवारच्या शिबिरात मिळते, दोन वेळच्या जेवणासह. प्रमाणपत्र सोमवारी लिंक्डइनवर टाकायचं आणि मंगळवारी कुणाचं तरी दुःख शोधायला निघायचं. मान डावीकडे थोडी झुकवायची, पुढे वाकायचं आणि समोरच्याचं वाक्य त्यालाच परत करायचं.

‘नोकरी गेली रे.’

‘म्हणजे नोकरी गेल्यासारखं तुला वाटतंय.’

‘वाटत नाहीये. गेली. शुक्रवारी मेल आला.’

‘तुझ्या बोलण्यात मला राग जाणवतोय.’

‘आता येतोय.’

‘हे तू माझ्याशी शेअर केलंस, थँक यू.’

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये मन लावून ऐकण्यावर एक पुस्तिका लिहिली, तिथून ही वंशावळ सुरू होते. ऐकणाऱ्याच्या मनात मुळातच आस्था नसेल तर हे निव्वळ तंत्र म्हणून वापरता येणार नाही, असं त्या दोघांनी तिथेच बजावून ठेवलं होतं. पुढे आपल्या पद्धतीचं झालेलं विडंबन पाहून रॉजर्स वैतागलेही. पण आस्थेची स्लाइड कशी करणार? त्यात बाणही काढता येत नाहीत. शिबिरात तो भाग जेवणानंतर ठेवतात.

आता घरातला उदास तरुण. तो खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही. त्याला फिरायला जायला सांगा. सूर्यनमस्कार सांगा. आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास केला हे सांगा, भले तुमच्या घरी वीज होती. सीमेवरच्या जवानांचं उदाहरण द्या, म्हणजे उदास असण्याचीही त्याला लाज वाटू लागेल. ‘पॉझिटिव्ह राहा’ हे जाता जाता म्हणायचं असतं, चप्पल घालताना. एवढं करूनही तो बोलू लागला, तर लगेच उपाय सुचवा. उपाय मिळाला की माणूस गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, गुण आला.

इथे तेवढी थट्टा बाजूला ठेवतो. जगणं नकोसं झालंय का, जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट विचारलं म्हणून कित्येकांना सांगता येतं. आणि ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. थट्टा पुन्हा सुरू. हा नंबर कुणालाही देऊ नका. तिथलं माणूस ऐकून घेतं, आणि एकदा ऐकून घेणारं माणूस भेटलं की तुमच्या कंदिलाला गिऱ्हाईक उरणार नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न मदतीचा. धीर देऊन उठताना काहीतरी देऊ करावं लागतं, नाहीतर माणसं नावं ठेवतात. ‘उद्या सकाळचा डबा मी आणतो’ असं चुकूनही बोलू नका. त्यात उद्या आहे, सकाळ आहे आणि डबा आहे. तिन्ही पाळावे लागतात. ‘गुरुवारी रात्री हॉस्पिटलात मी थांबतो’ हे तर त्याहून भयंकर, कारण तो स्टुलावरचा मुलगा लगेच हो म्हणेल. त्यापेक्षा ‘काहीही लागलं, कधीही, अगदी रात्री दोनलासुद्धा, हक्काने फोन करा’ असं म्हणा. यात ऐकणाऱ्याला गहिवरून येतं आणि करावं काहीच लागत नाही. आधीच खचलेल्या माणसाला काय हवंय ते शोधायचं, कुणाकडे मागावं ते ठरवायचं आणि वर मागण्याचा संकोच गिळायचा, एवढं सगळं तुम्ही त्याच्याच गळ्यात घातलेलं असतं. दोनला कुणीही फोन करत नाही.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, तोवर हजेरी लावा. त्यानंतर सतरंज्या मंडपवाल्याकडे जातात आणि खरी कामं निघतात. मृत्यूचा दाखला, त्याच्या झेरॉक्स, बँकेत वारसाची नोंद, गॅसचं कनेक्शन, वीजबिलावरचं नाव, पेन्शनचे कागद. ज्या बाईने कधी चेकवर सही केलेली नाही ती आता काउंटर नंबर चार आणि काउंटर नंबर सात यांच्यामध्ये हेलपाटे घालते. नाइलाज होऊन ती एखाद्या दुपारी फोन करेल. ‘भावजी, जरा बँकेत याल का सोबत? तो माणूस काय म्हणतो तेच मला कळत नाही.’ तेव्हा मार्चएण्ड असतो. मार्च नसला तरी असतो. ‘पुढच्या आठवड्यात नक्की बघू वहिनी’ म्हणून फोन ठेवा.

पुढे वर्षभराने कुणाच्या तरी लग्नात पंक्तीला शेजारी बसाल तेव्हा ती आपणहून सांगेल की झाली ती कामं, पाच-सहा खेपा पडल्या, पण केली. तेव्हा हातातला जिलबीचा तुकडा ताटात परत ठेवायचा, चेहरा दुखावलेला करायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘एकट्या गेलात? अहो वहिनी, एक फोन करायचा की! आम्ही काय परके आहोत का?’