पाकळ्या लोंबल्या म्हणजे फूल सुकलं असं नाही

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या गूज लेक प्रेअरीत (प्रेअरी म्हणजे गवताळ माळ) ज्या फुलाचा फोटो काढून मी त्याला ‘एकिनेशिया पॅलिडा’ म्हटलं ते बागेत लावतात तेच ‘एकिनेशिया पर्प्युरिया’ आहे, जुनं झाल्यामुळे पाकळ्या लोंबल्यात आणि फोनमधलं अ‍ॅपही तेच सांगतं, असं तुमचं म्हणणं.

‘लोंबत्या पाकळ्या दिसल्या की पॅलिडा समजा’ हे वाक्य मी घाईत लिहिलं, ते मागे घेतो. पर्प्युरियाच्या पाकळ्याही कलतात. पण फोटोतलं फूल जुनं नाही. हे शेवंती-झेंडूचं कूळ, मधलं काटेरी बोंड म्हणजे शेकडो बारकी फुलं आणि ती कडेकडून मध्याकडे उमलत जातात. फोटो मोठा करून बघा: पराग फक्त बाहेरच्या कडेला आहे. म्हणजे फूल नुकतंच उमलायला लागलंय. शिवाय तो पराग पांढरा आहे. पर्प्युरियाचा पिवळा असतो. माझा सगळा भरवसा या खुणेवर आहे, पाकळ्यांवर नाही.

पानं फोटोत आली नाहीत, ही चूक माझीच. पॅलिडाची पानं लांब, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी. कडा सरळ, शिरा लांबीला समांतर, हात फिरवला की खरखरीत. पर्प्युरियाची रुंद आणि बहुधा दातेरी. अ‍ॅपला नुसतं फूल दाखवलं तर ते तरी बिचारं काय करणार? मुळांवरूनही कळतं (पॅलिडाला सोटमूळ, पर्प्युरियाला तंतुमुळं), पण त्यासाठी रोप उपटायचं? नको.

‘रानटी कशावरून, कुणी पेरलं असेल’ हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, आणि तिथे चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी उरलीय टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकी. बाकी जी दिसते ती बरीचशी ठिकठिकाणी बी पेरून पुन्हा उभी केलेली. समोरचं रोप आपसूक आलं की पेरलेलं, हे नुसतं बघून मला सांगता येत नाही. तेव्हा ‘रानटी’ खोडून ‘इथलं मूळचं’ असं करतो. तसं पर्प्युरियाही इलिनॉयमधलंच, पण ते विरळ झाडीच्या कडेला जास्त रमतं आणि फुलतं साधारण जुलैपासून. माझा फोटो जूनच्या पहिल्या आठवड्यातला, भर गवताळ माळावरचा.

पुढच्या जूनमध्ये पानांचे फोटो नक्की टाकतो. तोवर तुमच्या बागेतल्या रोपाच्या पानाच्या कडेवरून बोट फिरवून बघा आणि कळवा.